रेल्स: एका पानाची स्क्रिप्ट दुसऱ्या पानात लुडबुडते, काय करावं?

कोयनाकाठ

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज नाइलाजाने धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. कोड चिकटवत नाही, मोबाइलवर वाचणाऱ्यांचे हाल होतात. शब्दांतच सांगतो.

एका दूध संस्थेचं संकलनाचं वेब ॲप माझ्या गळ्यात आहे. रेल्समधलं, म्हणजे रूबी भाषेतल्या तयार चौकटीवर उभं केलेलं. मूळ लिहिणारे दोघे कधीच सोडून गेले. गेल्या वर्षी ते कसंबसं रेल्स ७ वर आणलं. गावोगावच्या केंद्रांवर सकाळी सहापासून दुधाची नोंद सुरू होते: उत्पादकाचा नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आणि त्यावरून दर. शिवाय टँकरच्या मार्गांचा नकाशा, आलेख, दर दहा दिवसांचं बिल छापायचं पान, असं धरून साठेक पानं.

प्रत्येक पानाची जावास्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत, सीएसएसही (पानाच्या रूपाचे नियम) वेगळ्या फाइलीत. फोल्डर उघडलं की वाटतं, वा, काय टापटीप आहे! पण मुख्य फाइलीत एकच ओळ: 'रिक्वायर ट्री'. म्हणजे फोल्डरात जे जे सापडेल ते एकाच गाठोड्यात बांध आणि प्रत्येक पानाला पाठव. बिलाच्या पानालाही नकाशाची स्क्रिप्ट, लॉगिनच्या पानालाही आलेख.

यातून तीन दुखणी झालीत.

पहिलं, नकाशाची फाइल नकाशाचा डबा (पानावरची नकाशाची जागा) शोधते, तो बाकीच्या पानांवर नसतोच, मग 'नल'वरून (काहीच सापडलं नाही म्हणून) एरर येते आणि गाठोड्यात त्या फाइलीच्या खाली जे जे आहे ते सगळं तिथंच अडतं. फाइली वर्णानुक्रमाने जोडल्या जातात. एकाने फाइलीचं नाव बदललं आणि अर्धं ॲप बंद पडलं, यावर कोणाचा विश्वास बसेना.

दुसरं, बिलाचं पान बघून यादीवर परत आलं की यादीतली बटणं गायब. पान रिफ्रेश केलं की येतात.

तिसरं सगळ्यात वाईट. कधीकधी एकाच दुधाची नोंद दोनदा होते. एका केंद्रावर तर तीनदा झाली. उत्पादक खूश, संस्था नाही.

आमचे साहेब म्हणतात, "प्रत्येक पानाला त्याचीच फाइल लाव, विषय संपला." खरंच संपतो का? तुम्ही काय करता?

सेमीकोलन

साहेबांचं बरोबर आहे आणि रेल्समध्ये ते पाच मिनिटांचं काम आहे. लेआउटमध्ये (सगळ्या पानांचा सामाईक साचा) हेडच्या, म्हणजे पानाच्या न दिसणाऱ्या वरच्या भागाच्या, शेवटी एक 'यील्ड' (रिकामी जागा) ठेवा, नाव द्या 'हेड'. नकाशाच्या व्ह्यूमध्ये (त्या एका पानाच्या साच्यात) 'कंटेंट फॉर हेड' लिहून त्यात नकाशाची स्क्रिप्ट आणि स्टाइलशीट लावा. ज्या व्ह्यूत ते नाही, त्या पानावर काहीच येणार नाही. 'रिक्वायर ट्री' उडवा आणि खरोखर सगळीकडे लागतं तेवढंच मुख्य फाइलीत नावाने घ्या.

एकच खाच: वेगळी केलेली प्रत्येक फाइल स्प्रॉकेट्सच्या (गाठोडं बांधणाऱ्या साधनाच्या) मॅनिफेस्टमध्ये नोंदवावी लागते. नाहीतर 'ही प्रीकंपाइलसाठी जाहीर केलेली नाही' म्हणून रेल्स ओरडेल.

पाटावरवंटा

लाराव्हेलवाला (पीएचपीमधलं रेल्ससारखंच) आहे, पण दुखणं तेच म्हणून लिहितो. आमच्याकडे ब्लेडमध्ये (तिथल्या साच्यांची भाषा) 'स्टॅक' आणि 'पुश' आहेत. लेआउटमध्ये स्टॅक ठेवायचा, व्ह्यू त्यात ढकलतो. रेल्सच्या 'कंटेंट फॉर'सारखंच.

मी शहाणपणा करून कंपोनंटमधूनच पुश केलं होतं. तारीख निवडायचा कंपोनंट, त्याची स्क्रिप्ट त्याच्याबरोबर, किती छान! मग एका फॉर्मवर ते कंपोनंट बारा वेळा आलं आणि स्क्रिप्टही बारा वेळा. त्यावर 'वन्स' नावाचा उतारा आहे, तो नंतर कळला.

डॉटनेटवाल्यांसाठी: तिथं 'सेक्शन' असतो, पण पार्शल व्ह्यूमध्ये लिहिलेला सेक्शन लेआउटपर्यंत पोचत नाही. एरर वगैरे काही येत नाही, मुकाट गिळतो. माझे दोन दिवस यात गेलेत.

जुनंखोड

पोरांनो, 'रिक्वायर ट्री'ला शिव्या घालण्याआधी ते का आलं ते ऐका.

रेल्स ३.१ आलं २०११ मध्ये, त्यात ॲसेट पाइपलाइन (फाइली बांधून पाठवायची सोय) आली. तेव्हा एचटीटीपी १.१ चा जमाना. ब्राउझर एका सर्व्हरशी एकावेळी साधारण सहाच जोडण्या उघडायचा. पानाला तीस फाइली लावल्या की चोवीस रांगेत उभ्या. म्हणून सगळ्याचं एक गाठोडं, नावाच्या शेपटाला मजकुरावरून काढलेला ठसा, आणि ब्राउझरला सांगायचं की वर्षभर जपून ठेव. पहिल्या पानाला वेळ लागेल, पुढची सगळी पानं फुकट. हिशेब चुकीचा नव्हता.

एचटीटीपी २ आलं २०१५ मध्ये. एकाच जोडणीवरून अनेक फाइली एकदम येऊ लागल्या आणि गाठोड्याचं निम्मं कारण गेलं. निम्मं म्हणतोय, सगळं नाही. लहान लहान फाइलींचं कॉम्प्रेशन गाठोड्याइतकं चांगलं होत नाही, आणि एक फाइल दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला, ही माळ तशीच राहते.

त्यामुळे माझं मत: गाठोडं एकच ठेवा. जेएसला फक्त कळायला हवं की आपण कुठल्या पानावर आहोत. बॉडी टॅगला कंट्रोलरचं आणि ॲक्शनचं नाव क्लास म्हणून लावायचं आणि त्यावरून कुठलं फंक्शन चालवायचं ते ठरवायचं. पॉल आयरिश नावाच्या वेब डेव्हलपरने २००९ मध्येच ही युक्ती मांडली होती. माझी दोन ॲप्स तिच्यावर आजही चालू आहेत.

अवांतर: आम्ही तर जेएसपीत (जावाची जुनी वेब पानं) प्रत्येक बटणाच्या ऑनक्लिकमध्येच सगळं लिहायचो. घाण होतं, पण कुठल्या बटणाने काय होतं ते शोधावं लागत नव्हतं. हलके घ्या.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. सेमीकोलन, तुमचं करून पाहिलं. नकाशाची स्क्रिप्ट वेगळी केली, हेडमध्ये लावली. यादीवरून नकाशावर गेलो, नकाशा आला. परत यादी, परत नकाशा: पांढरा डबा. रिफ्रेश केलं की येतो.

मग कोणीतरी ऑफिसात म्हणालं, स्क्रिप्ट बॉडीच्या शेवटी टाक. टाकली. आता नकाशा दर वेळी येतो, पण एका मार्गावर क्लिक केलं की माहितीचा चौकोन दोनदा, पुढच्या खेपेला तीनदा उघडतो.

म्हणजे हेडमध्ये कमी पडतं आणि बॉडीत जास्त होतं. आहे की नाही गंमत.

टोरांटोची_थंडी

कोयनाकाठ, तुमची तिन्ही दुखणी एकाच मुळाची आहेत, आणि ते मूळ फाइली कुठून लावता यात नाही. तुमच्या ॲपमध्ये टर्बो चालू आहे, आधीच्या आवृत्तीत टर्बोलिंक्स असेल. टर्बो असताना लिंकवर क्लिक केलं की पान बदलतंय असं दिसतं, पण ब्राउझरच्या दृष्टीने ते बदलत नाही. टर्बो मागच्या मागे नवीन पान आणतो, बॉडी काढून नवी बसवतो आणि हेड जुन्या हेडमध्ये मिसळतो. विंडो तीच, डॉक्युमेंट तेच. सकाळी सहाला उघडलेलं ॲप साडेआठपर्यंत एकच 'पान' असतं.

आता एकेक जुळवून बघा.

हेडमधली स्क्रिप्ट: टर्बो बघतो, ही आधीच आहे का? असेल तर पुन्हा चालवत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीला पांढरा डबा.

बॉडीतली स्क्रिप्ट: बॉडी नवी बसली की दर वेळी चालते. तिने डॉक्युमेंटवर लिसनर (क्लिकसारखी घटना घडली की चालणारं फंक्शन) टांगला असेल तर जुना तिथंच असतो, शेजारी नवा येतो. म्हणून चौकोन दोनदा, मग तीनदा.

दुधाची दुहेरी नोंद: मी पैज लावते, नोंदीच्या फाइलीत 'टर्बो लोड' झाल्यावर, नोंदीचा फॉर्म दिसला की, डॉक्युमेंटवर सबमिटचा लिसनर टांगलेला आहे. 'टर्बो लोड' प्रत्येक फेरीला होतो. सचिव नोंदीतून बिलात गेले, परत आले: दोन लिसनर. पुन्हा गेले, आले: तीन. ज्या केंद्रावर तीनदा नोंद झाली तिथले सचिव दोनदा दुसरं काहीतरी बघून आले असणार.

आणि म्हणूनच जुनंखोड काकांची बॉडी क्लासची युक्ती इथं एकटी पुरत नाही. तिला 'आत्ता कुठल्या पानावर आलो' ते कळतं, 'कुठल्या पानावरून निघालो' ते नाही. खरं पान बदलायचं तेव्हा ब्राउझर मागचं सगळं आपणहून झाडून टाकायचा, म्हणून कोणाला निघण्याची काळजी नव्हती.

माझा सल्ला: पान हा शब्दच सोडा. वागणं त्या डब्याला बांधा. रेल्स ७ बरोबर स्टिम्युलस नावाची छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी येते, तीच वापरा. नकाशाच्या डिव्हवर 'डेटा कंट्रोलर' म्हणून 'नकाशा' लिहायचं. तो डबा पानावर आला की 'कनेक्ट' चालतं, गेला की 'डिस्कनेक्ट'. कनेक्टमध्ये जे जे टांगलंत ते डिस्कनेक्टमध्ये उतरवायचं. डबाच नसेल तर काहीच चालत नाही, म्हणजे तुमची 'नल'वाली एररही गेली. उद्या साहेब म्हणाले की नकाशा मुखपृष्ठावरही हवा, तर एक डिव्ह टाकायचा.

एक बारीक गोष्ट. टर्बो परत आलेलं पान आधी कॅशेतून (साठवलेल्या प्रतीतून) दाखवतो, मग खरं आणतो. म्हणजे कनेक्ट दोनदा होऊ शकतं, शिवाय कॅशेतल्या डब्यात जुन्या नकाशाचे अवशेष असतात. नकाशाच्या पानावर 'टर्बो कॅशे कंट्रोल' हा मेटा टॅग 'नो कॅशे' करून लावा.

आणि हात जोडून: दुहेरी नोंद डेटाबेसमध्येही अडवा. उत्पादक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, यावर युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम) टाका. जावास्क्रिप्टच्या भरवशावर कोणाचे पैसे ठेवू नका.

कोयनाकाठ

दंडवत घ्या. पैज जिंकलात, ओळ अगदी तुम्ही म्हणता तशीच सापडली. 'टर्बोलिंक्स लोड' होतं, अपग्रेड करताना मीच शोधून बदलून 'टर्बो लोड' केलं. म्हणजे पापात माझाही वाटा आहे.

युनिक इंडेक्सचं मात्र जमणार नाही. एकच माणूस एकाच वेळेला दोनदा दूध आणतो, आणतोच. एक कॅन स्वतः आणतो, दुसरा मागून पोरगा सायकलवर. दोन्ही म्हशीचंच. दोन खऱ्या नोंदी.

टोरांटोची_थंडी

अरे हो, टोरांटोत बसून हे सुचणार नव्हतं. मग फॉर्म उघडताना सर्व्हरने त्यात एक लपवलेला एकवेळचा नंबर घालावा आणि युनिक इंडेक्स त्याच्यावर. पोराच्या कॅनचा फॉर्म वेगळा, नंबर वेगळा. लिसनरने तोच फॉर्म तीनदा पाठवला तर नंबर तोच, दोन परत जातील.

लोणचं

वर्डप्रेसवाले कोणी आहेत का इथं? आमच्याकडे उलटं दुखणं आहे. पानं खरोखर बदलतात, पण प्रत्येक प्लगइन आपलं सामान प्रत्येक पानावर टाकतं. फॉर्म फक्त 'संपर्क'वर, त्याची स्क्रिप्ट अख्ख्या साइटवर.

रीतसर मार्ग असा, की फंक्शन्सच्या फाइलीत 'एनक्यू स्क्रिप्ट' करताना (स्क्रिप्ट रांगेत लावताना) आधी 'इज पेज' विचारायचं आणि हो आलं तरच लावायचं. दुसऱ्याच्या प्लगइनचं असेल तर त्याचं हँडल (नोंदवलेलं नाव) शोधून बाकीच्या पानांवर 'डीक्यू' करायचं. मी आणखी एक करते: शॉर्टकोडच्या (मजकुरात लिहायच्या खुणेच्या) फंक्शनमध्येच एनक्यू. शॉर्टकोड पानावर आला तरच स्क्रिप्ट, ती फूटरमध्ये जाते, काम होतं. पण सीएसएससाठी हे करू नका. तोवर हेड छापून झालेलं असू शकतं, मग स्टाइलशीटही फूटरमध्ये जाते आणि पान क्षणभर उघडंनागडं दिसतं.

नुसतावाचक

वाचनखूण साठवली. स्टिम्युलस चांगलंच आहे, पण साठ पानांचं एका दिवसात होणार नाही. तोवर काय?

सेमीकोलन

तोवर: डॉक्युमेंटवरचे सगळे लिसनर 'टर्बो लोड'च्या बाहेर काढा. डॉक्युमेंट कायम असतं, त्यावर एकदाच टांगायचं आणि घटना कुठल्या बटणावरून आली ते आत तपासायचं. जेक्वेरीत 'ऑन'ला दुसरा सिलेक्टर देतो तेच. यात साफसफाईची गरजच नाही, कारण एकच लिसनर असतो. मी काल 'पाच मिनिटं' म्हणालो ते मागे घेतो.

कोयनाकाठ

ते आजच करतो. दुसरं दुखणं राहिलं: बिलाच्या पानावरून परतलं की यादीतली बटणं गायब. बिलाची सीएसएस वेगळी करून हेडमध्ये लावली, तरी तेच.

टोरांटोची_थंडी

वेगळी केल्याने ती उशिरा येते एवढंच, एकदा आली की जात नाही. टर्बो नव्या पानाच्या स्टाइलशीट जोडतो, जुन्या काढत नाही. बिलाच्या सीएसएसमध्ये कोणीतरी 'बटण: दाखवू नका' असं लिहिलं असेल, ते यादीलाही लागतं. टर्बो ८ मध्ये 'डेटा टर्बो ट्रॅक'ला 'डायनॅमिक' दिलं की नव्या पानात नसलेली स्टाइलशीट निघून जाते. टर्बो ७ वर असाल तर ते नाही.

पण मुळात बटणं छापताना नको आहेत ना? मग तो नियम 'मीडिया प्रिंट'च्या कंसात घाला. बस. पडद्यावर तो लागूच होत नाही, मग स्टाइलशीट राहिली काय, गेली काय.

पाटावरवंटा

+१. सीएसएस पानापानाला तोडायच्या मी विरोधात आहे. अख्ख्या ॲपची सीएसएस कॉम्प्रेस केल्यावर बहुधा एखाद्या फोटोपेक्षा लहान असते. तोडण्यापेक्षा कुंपण घाला. बिलाच्या सगळ्यात बाहेरच्या डिव्हला 'बिल' क्लास आणि त्याच्या फाइलीतला प्रत्येक नियम 'बिल'च्या पोटात. कुंपणाबाहेर 'टेबल' किंवा 'बटण' असं उघडं नाव दिसलं की रिव्ह्यूत परत पाठवा.

आमच्याकडे आधी हे नव्हतं, तर प्रत्येक जण दुसऱ्याला हरवायला 'इम्पॉर्टंट' लावत होता. शेवटी सगळंच इम्पॉर्टंट झालं, सरकारी लखोट्यांसारखं. आता कॅस्केड लेअर वापरतो, २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहेत. लायब्ररीची सीएसएस खालच्या थरात, आपली वरच्या. भांडणं थांबली.

गावठीकोंबडा

सगळे फाइली कशा तोडायच्या सांगतायत, वजन कोणीच केलं नाही. धागाकर्ते, गाठोडं किती किलोचं आहे? क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये 'कव्हरेज' नावाचा टॅब आहे. नोंदीचं पान उघडा, एक नोंद करा आणि बघा आलेल्यापैकी किती कोड खरोखर चालला.

आणि त्याच्याही आधी सर्व्हरवर जीझिप (फाइली दाबून पाठवणं) चालू आहे का ते बघा. एनजिन्क्स सर्व्हरमध्ये ते मुळात बंद असतं, आणि चालू केलं तरी यादीत भर घातल्याशिवाय फक्त एचटीएमएल दाबतं. जेएस, सीएसएस तशीच जाते. मी निदान चार ठिकाणी हे बघितलंय.

कोयनाकाठ

कोंबडेराव, पाचवं ठिकाण आमचं. 'जीझिप ऑन' होतं, प्रकारांची यादी नव्हती. जेएस १.१ एमबी जशीच्या तशी जात होती. यादीत भरलं आणि ३०० केबीच्या आसपास आली. एक ओळ! एवढे महिने लोक फोन करतायत, सकाळी ॲप उघडायला चहा होतो म्हणून.

कव्हरेजही बघितलं. नोंदीच्या पानावर पाऊणहून जास्त कोड लाल, म्हणजे न चाललेला. आम्ही लिहिलेलं सगळं मिळून मात्र किरकोळ निघालं. वजन लायब्रऱ्यांचं. आलेखाची एक, टेबलांची एक, नकाशाची लीफलेट, जेक्वेरी यूआय अख्खं आणि तारखांची मोमेंट सगळ्या जगाच्या भाषांसकट. ते कशाला, तर बिलावर एक तारीख छापायला.

गावठीकोंबडा

मग साठ पानांच्या साठ फाइली कशाला? आपला कोड राहू दे एकत्र, त्याने कोणाचं पोट दुखत नाही. चारपाच जड धोंडे बाजूला करा.

लीफलेट तसं हलकं, कॉम्प्रेस करून ४२ केबीच्या आसपास, पण नोंदीच्या पानाला तेही कशाला? स्टिम्युलसच्या नकाशाच्या कनेक्टमध्येच डायनॅमिक इम्पोर्ट करा. डबा दिसला की लायब्ररी मागवायची. रेल्सच्या इम्पोर्टमॅपमध्ये (कुठली फाइल कुठून घ्यायची त्याची यादी) 'लेझी लोड कंट्रोलर्स' अशी सोयही आहे, कंट्रोलरची फाइलसुद्धा डबा दिसल्यावरच येते. आपोआप येणाऱ्या फाइलीत मात्र 'ईगर' असतं, ती ओळ बदलायची. एखाद्याच पानाला लागणारं असेल तर 'कंटेंट फॉर हेड'मध्ये 'इम्पोर्ट मॉड्यूल टॅग'.

लीफलेटची सीएसएस त्याच्याबरोबरच लावा. विसरलात तर एरर येणार नाही, फक्त नकाशाचे तुकडे पत्ते उधळल्यासारखे पानभर पडतील.

मोमेंट काढाच. ब्राउझरमध्ये 'इंटल' आहे, मराठी तारीख तोच देतो. फक्त 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) दिलंत की आकडे देवनागरी येतात. शेजारी रक्कम इंग्रजी आकड्यांत असेल तर बिल विचित्र दिसेल, आधी विचारून घ्या.

जुनंखोड

लायब्रऱ्या सार्वजनिक सीडीएनवरून (सगळ्यांसाठी त्या ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) घ्या की. लोकांच्या ब्राउझरमध्ये त्या दुसऱ्या साइटवरून आधीच आलेल्या असतात.

सेमीकोलन

काका, ते दिवस गेले. क्रोमने ८६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, कॅशे साइटवार वेगळी केली. दुसऱ्या साइटसाठी आलेली जेक्वेरी तुमच्या साइटला मिळत नाही, पुन्हा उतरवावी लागते. फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये तेच केलं. सफारीत तर आधीपासूनच होतं. आता सीडीएनसाठी नवी जोडणी उघडायचा वेळ उलट अंगावर येतो.

जुनंखोड

बरं. हे माहीत नव्हतं. दोन ॲप्स उघडून बसावं लागेल.

टोरांटोची_थंडी

लेझी लोडच्या नादात एक विसरू नका. ज्या केंद्रावर टॅब दिवसभर उघडा असतो, तिथं दुपारी तुम्ही नवी आवृत्ती चढवलीत तर संध्याकाळच्या टॅबला जुन्याच ठशाच्या फाइली माहीत असतात. त्याने नकाशा मागितला आणि सर्व्हरवरून जुनी फाइल पुसलेली असेल तर ४०४. रेल्सचं 'ॲसेट्स क्लीन' मुळात ताजी धरून तीन आवृत्त्या ठेवतं, तसंच राहू द्या. काही जण जागा वाचवायला 'क्लॉबर' करतात, त्याने सगळंच जातं. मुख्य फाइलींना 'टर्बो ट्रॅक रीलोड' लावा, म्हणजे ठसा बदलल्याचं दिसताच टर्बो पान पूर्ण ताजं करेल.

कोयनाकाठ

नोंदीचं पानही लेझी करायचं का मग? त्यात दराचं कोष्टक आणि काट्यावरून वजन घेणारा कोड आहे.

गावठीकोंबडा

अजिबात नाही! सकाळी सहाला रेंज येते-जाते, समोर रांग आणि तुमचा कोड तेव्हा सर्व्हरकडे दराचा हिशेब मागायला जाणार? नोंदीला जे लागतं ते पहिल्या झटक्यात यायला हवं. नकाशा कोण बघतो? ऑफिसातला माणूस, दुपारी, वायफायवर. त्याला अर्धा सेकंद थांबू दे.

कोयनाकाठ

अहवाल देतो.

डॉक्युमेंटवरचे लिसनर बाहेर काढले, एकूण एकोणीस निघाले. फॉर्ममध्ये एकवेळचा नंबर घातला. दहा दिवस झाले, दुहेरी नोंद एकही नाही. परवा इंडेक्सने दोन प्रयत्न अडवले, म्हणजे कुठेतरी विसावा लिसनर आहे. शोधतोय.

नकाशा आणि आलेख स्टिम्युलसमध्ये नेऊन लेझी केले. मोमेंट गेलं. तारखेचे आकडे देवनागरी आले तेव्हा संस्थेतल्या हिशेबनीस बाई म्हणाल्या, राहू द्या, आता रक्कमही तशीच करा. वाढीव काम मिळालं. बिलाचे नियम प्रिंटच्या कंसात गेले, बटणं परत आली. साहेबांना सांगितलं की पानागणिक फाइली करत नाही. ते म्हणाले, "पण फोल्डर तर तसंच दिसतंय." फोल्डर तसंच ठेवलंय म्हटलं.

नोंदीचं पान आता १०० केबीच्या आत उघडतं. त्यातल्या काट्याच्या कोडला मात्र अजून हात लावलेला नाही. नऊशे ओळींची एक फाइल आहे, वर फक्त एवढंच लिहिलंय: 'काटा चालू आहे तोवर बदलू नये.' लिहिणाऱ्याचा नंबर कोणाकडेच नाही.

नुसतावाचक

'काटा चालू आहे तोवर' म्हणजे संध्याकाळचं संकलन संपेपर्यंत की कायमचं?

कोयनाकाठ

तेच तर. आज रात्री नवानंतर टेस्ट सर्व्हरवर एक जुना काटा जोडून बघतो. केंद्रावरून एक मागवून घेतलाय, टेबलावर आहे, आत्ता माझा डबा तोलतोय.